बुंध्यापर्यंत साफ

मंडळी, गवत कापायचं मशीन घेणार असाल तर आधी हे वाचा.

जामसरची आमची काजूची वाडी उताराची, गवतात दगडच दगड. लोखंडी पात्याचं मशीन दगडावर आपटून उसळतं, म्हणून मी नायलॉनच्या दोरीचं घेतलं. दोरीने काय इजा होणार? गेल्या आठवड्यात प्रत्येक रोपाच्या बुंध्यापर्यंत फिरवलं. वाडी न्हाव्याकडून आल्यासारखी दिसत होती.

आज सकाळी सोमीबाई वाटेने जाताना आत आल्या. दरवर्षी बुंध्याजवळचं गवत त्याच बसून विळ्याने कापायच्या. यंदा मी बोलावलंच नव्हतं. एका झाडापाशी बसून त्यांनी खालच्या सालीवरून बोट फिरवलं. बोट पूर्ण गोल फिरलं. तिथे साल नव्हतीच; मशीनच्या दोरीने चहूबाजूंनी सोलून काढली होती.

"दादा, झाड मेला."

"अहो, पानं बघा की! हिरवीगार आहेत."

"झाडाला अजून कळला नाय. उन्हाळ्यात कळेल."

पुढच्या झाडाला तेच. त्याच्या पुढच्यालाही.

तेवढ्यात खालून मशीनचा आवाज आला. माझंच मशीन. काल संध्याकाळी शेजारच्या काकांना मीच दिलं होतं, "बिनधास्त बुंध्यापर्यंत फिरवा" असं सांगून. त्यांची आंब्याची कलमं तीन वर्षांची आहेत.

फोनला रेंज नाही. ओरडत उतार उतरलो. पोचेपर्यंत आवाज थांबला होता. काका घाम पुसत हसले.

"एक नंबर मशीन हाय. सगळी झाली बघ."

त्यांना अजून सांगितलेलं नाही. कलमं हिरवीगार आहेत.

तुम्ही असता तर कसं सांगितलं असतं?