हाबेस-आरियाची भाषा

बोलताना अण्णांचा उजवा हात कधी गप्प बसायचा नाही. बोट वर करून गोल फिरवलं की हाबेस, म्हणजे उचल. बोट खाली केलं की आरिया, म्हणजे सोड. सगळी उमर क्रेनवाल्याला खुणा करण्यात गेलेली, त्यामुळं चहा मागतानासुद्धा हात वर-खाली. आम्ही हसायचो. तुम्हीही अशी माणसं बघितली असतील. कारखान्याची सुट्टी होते, हाताची होत नाही.

अण्णा मूळचे निपाणीकडचे, राहायला अनगोळात. आमच्या वर्कशॉपमध्ये साखर कारखान्यांचे रोलर बनतात. ते जागेवर नेऊन बसवायचं काम अण्णांच्या टोळीचं. शाळा सातवीपर्यंत. थायलंडच्या ईशान्येला इसान म्हणून उसाचा मुलूख आहे. तिथल्या एका कारखान्यावर ते चार हंगाम राहिले आणि तिथली बोली घेऊन परत आले. पुस्तकातनं नव्हे. फिटर लोकांकडनं, आणि कॅन्टीन चालवणाऱ्या एका म्हातारीकडनं. वर्कशॉपमध्ये कुणी वैतागला की अण्णा म्हणायचे, "बो पेन यांग." म्हणजे, काही बिघडत नाही.

मी सांबऱ्याचा. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला पहिला मी, आणि हे मी कुणी न विचारताही सांगतो. वर्कशॉपमध्ये एक्स्पोर्टचं टेबल माझ्याकडं. थायलंडची नवी ऑर्डर येणार असं कळल्यावर आमच्या मालकांनी मला अण्णांकडं बसवलं, "चार शब्द शिकून ठेव." मग जेवणाच्या सुट्टीत, लेथच्या मागं, डबा उघडून आमची शाळा भरायची.

"किन खाव लॅव बो? जेवलास का? म्हण."

मी म्हटलं.

"मेल्या, हात कुठं हाय तुझा? खाव म्हंजे भात. आवाज दुसरीकडं गेला की त्येच पांढरं हुतंय, तिसरीकडं गेला की बातमी. बातमी खातोस व्हय रं?"

आवाजाच्या चढउताराबरोबर हात वर नेत, मध्येच थांबवत, हळूच खाली सोडत ते एकेक शब्द माझ्या तोंडात असे बसवायचे, की जणू दहा टनांचा रोलर बेअरिंगवर बसवतायत.

मी मोबाईलवरही शिकत होतो. एकदा म्हणालो, "अण्णा, मोबाईलवर 'बो' नाहीच. नकाराला 'माय' म्हणतात."

"ती बँकॉकची. शाळंतली, टीव्हीवरची, सायबाची. तिकडं चवदार म्हंजे अरॉय, इसानात सॅप. तिकडं माया म्हंजे रक, इसानात हक. हात सुदीक येगळ्या जागी थांबतोय. आणि नदीपल्याड लाओस. देश दुसरा, अक्षर दुसरं, पर बोली ह्येंचीच. दूधगंगेच्या पुलावरनं कागलाकडं, दुसऱ्या राज्यात गेलास म्हणून तोंड बदलतंय व्हय तुझं?"

त्यांच्या उजव्या मनगटाला एक दोरा होता. मूळचा पांढरा, आता तेलानं काळा. इसानात माणूस दूर निघाला की त्याचा जीव वाटेत भटकू नये म्हणून घरची माणसं असा दोरा बांधतात. तो कॅन्टीनच्या म्हातारीनं बांधला होता.

"परत ये म्हणालीया. रिटायर व्हायच्या आधी एकदा जायाचं हाय. मालकांनी सबूद दिलाय, नव्या ऑर्डरीला तूच."

मग बँकॉकहून गिऱ्हाईक आलं, दोघंजण. अण्णा इस्त्रीचा शर्ट घालून सकाळपासून गेटवर. गिऱ्हाइकांना बघून ते इतके हरखले, की फिटरला भेटल्यासारखा त्यांनी एका साहेबाच्या दंडावर हात टाकून विचारलं, "किन खाव लॅव बो?"

दोघांनी एकमेकांकडं बघितलं आणि तोंडावर हात ठेवून हसले. मग इंग्रजीत माझ्याशी बोलायला लागले.

ते हसू माझ्या ओळखीचं होतं. पुण्यात इंटरव्ह्यूला "काल आलतो" असं म्हणून गेलो होतो, तेव्हा टेबलापलीकडं हेच हसू होतं. त्या दिवसापासून मी चारचौघांत 'आलो होतो' म्हणतो.

संध्याकाळी मालकांनी विचारलं, "तू शिकलेला आहेस. अण्णाची भाषा बरोबर आहे का रे?"

मी म्हणालो, "गावठी आहे, साहेब. मोठ्या माणसांसमोर शोभत नाही."

एक अक्षर खोटं नव्हतं, असं मी बरेच दिवस स्वतःला सांगितलं. माझ्या कोऱ्या पासपोर्टवर मला शिक्का हवा होता, हे मात्र सांगितलं नाही. तिकीट माझ्या नावानं निघालं. टोळी तीच, फक्त अण्णा नाहीत. अण्णा ऐकून म्हणाले, "बो पेन यांग." दुसऱ्या दिवसापासून लेथच्या मागं मी एकटाच डबा खाऊ लागलो.

इसानात मी बँकॉकची भाषा बोललो, स्वच्छ. तिथले फिटर प्रत्येक वाक्याला मान लववून "ख्रप, ख्रप" म्हणायचे. हो साहेब, हो साहेब. रोलरखालच्या काँक्रीटच्या पायाचा एक कोपरा खचलेला होता. ते सगळ्यांना माहीत होतं, आणि मला एकानंही सांगितलं नाही. रोलर बसला, फिरला, बेअरिंग तापलं. सगळं परत उतरवावं लागलं. आठ दिवस गेले.

"सांगितलं का नाही?" मी एका म्हाताऱ्या फिटरवर ओरडलो.

"साहेबांनी विचारलं नाही," तो शांतपणे म्हणाला. मग त्यानं बोट वर करून गोल फिरवलं, आणि भुवया उंचावून माझ्याकडं बघितलं. तो कुठं आहे?

मी म्हणालो, पुढच्या वेळी येईल.

कॅन्टीनमधल्या म्हातारीलाही तेच सांगितलं. निघताना तिनं पांढऱ्या दोऱ्याचं वेटोळं माझ्या हातात ठेवलं. त्याचा जुना झाला असेल, हा तू त्याला बांध.

परत आलो तोवर अण्णांनी मुदतीआधीच नोकरी सोडली होती. रविवारी अनगोळात गेलो. ते कट्ट्यावर बसले होते. मनगट मोकळं होतं. दोरा होता तिथं फिकट पट्टा तेवढा राहिला होता.

"किन खाव लॅव बो, अण्णा?" मी विचारलं. आवाज बरोबर जागी थांबवला होता.

"हो, जेवण झालं. या, बसा. आपला प्रवास व्यवस्थित झाला ना?"

"मला काय आपण म्हणताय, अण्णा?"

"शिकलेल्या माणसाशी शोभेल असं बोलावं."

माझाच शब्द. मालकांनी सांगितला असणार. मी मान खाली घालून खिशातला दोरा काढला. "म्हातारीनं दिलाय. मी बांधू?"

त्यांनी दोऱ्याकडं बघितलं. काकी आतनं पाणी घेऊन आल्या, तांब्या ठेवून गेल्या. मी दोरा दोन्ही हातांनी ताणून धरून बसलो होतो.

अण्णांचा उजवा हात गुडघ्यावर होता. तो हलला नाही.