शेडचा भोंगा

स्टेशनमागची जुनी इंजिन शेड आता वाचनालय होणार होती. दगड घासून निघाले, पत्रे रंगले आणि छपरावरच्या गंजक्या भोंग्यालाही तेलपाणी झालं. मागच्या चाळीतल्या जोहराबीचं मात्र मस्तक फिरलं.

पूर्वी अपघात झाला की हा भोंगा वाजायचा आणि चाळीतल्या बाया चुलीवरचा तवा उतरवायच्या. घरचा माणूस परतल्याशिवाय तवा पुन्हा चढायचा नाही. तिचा नवरा फारूख इंजिनावर फायरमन होता. एकदा भोंगा वाजला आणि तो परतलाच नाही; त्या दिवशी तिचा तवा तसाच गार झाला.

"ते मढं कशाला उठवता रे?" छपराला रंग देणाऱ्या लेकाला, गयासला, तिनं विचारलं.

"अम्मी, उद्घाटनाच्या संध्याकाळी एकदाच वाजणार हाय. लोकांना मजा वाटंल."

"मजा? ती काय जत्रेतली पिपाणी हाय व्हय?"

उद्घाटनाच्या दिवशी राहिलेला कोपरा रंगवायला गयास सकाळीच छपरावर चढला. जोहराबीनं त्याच्यासाठी भाकरी टाकली. ती फुगली न फुगली तोच भोंगा वाजला. लांबलचक, थांबेचना.

"झालं वाटतं उद्घाटन!" शेजारीण हसत म्हणाली.

जोहराबीनं दाराबाहेर पाहिलं. ऊन अजून डोक्यावर होतं. तिनं तवा खाली उतरवला.