पूर्णगडच्या सड्यावर, संकष्टीच्या दिवशी

माझा धाकटा भाऊ सुरेश मासेमारीच्या बोटीवर खलाशी होता. इंजिन बंद पडून ती बोट दोन दिवस समुद्रात वाहत गेली. तिला शोधलं ते हौशी लोकांनी चालवलेल्या हवाई शोधपथकाच्या छोट्या विमानाने. सुरेश घरी आला तेव्हापासून मी संकष्टी निर्जळी करतो. चंद्र दिसेपर्यंत पाण्याचा घोटही घेत नाही. आणि तेव्हापासूनच त्या पथकात आपणही जावं, असं मनात होतं. मी नाव कळवलं, चाचणीची तारीख व्हॉट्सॲपवर आली आणि भिंतीवरचं कॅलेंडर पाहिलं. नेमकी संकष्टी. तारीख बदलून मागायला जीभ रेटली नाही.

लांज्याहून पहिल्या एसटीने रत्नागिरी दीड तास. तिथून पावसमार्गे पूर्णगडची गाडी. उजव्या खिडकीशी बसा, भाट्याचा पूल ओलांडला की समुद्र दिसत राहतो. शेजारच्या गृहस्थांनी पावसला उतरून गरम घावणे खायला सांगितले. तुम्ही जरूर खा. गाडी सड्यावर, म्हणजे वरच्या कातळपठारावर सोडते. पुढे वीस मिनिटं कातळावरून चालायचं. सावली अजिबात नाही. पाणी बरोबर ठेवा, असं आता लिहितो आहे. माझी बाटली भरलेलीच राहिली.

कातळ सपाट करून केलेली धावपट्टी, एक पत्र्याची शेड आणि तिच्यात दोन माणसांचं विमान, एवढंच पथक. प्रमुख तांबेबाई, निवृत्त शिक्षिका. वैमानिक मुकादमभाई, साठीचे, पांढरी दाढी. मासे तोलायच्या काट्यावर त्यांनी माझं वजन केलं.

"अडुसष्ट! सुरमई असतात तर बरा भाव आला असता," भाई म्हणाले.

बाई हसल्या नाहीत. "नाश्ता झालाय ना? उपाशी माणसाला मी वर पाठवत नाही."

"हो," मी म्हणालो.

इतकं सहज खोटं मी आयुष्यात क्वचितच बोललो असेन.

काम सोपं होतं. पथकाची एक बोट नारिंगी कापड अंथरून समुद्रात कुठेतरी उभी होती. भाई ठरलेल्या रेघेवरून विमान नेणार, मी ती शोधायची. दिशा घड्याळाप्रमाणे सांगायची. नाक बारा वाजता, उजवा पंख तीन. सापडली तर पथकात नाव लागणार.

वर गेल्यावर पहिली पाच मिनिटं छान गेली. खाली पूर्णगडचा किल्ला, खाडीचं तोंड, पांढरी रेघ मारल्यासारख्या लाटा. मग नुसतं पाणी. दुपारचं ऊन त्यावरून थेट डोळ्यांत येत होतं. घसा कोरडा पडला. कानाशी घूं घूं सुरू झालं, ते इंजिनाचं की माझंच, कळेना. गणपतीचं नाव घेत मी पाण्याकडे बघत राहिलो. चाचणीची वेळ संपत आली होती.

"दोन वाजता! नारिंगी!" मी ओरडलो.

भाईंनी विमान वळवलं. तिथे काहीच नव्हतं. एक फेरी मारली, दुसरी मारली.

"काय दिसलं नक्की?"

डोळे मिटले तरी मला नारिंगीच दिसत होतं. "भाई, मी सकाळपासून पाणीसुद्धा प्यायलो नाही. संकष्टी आहे."

त्यांनी विमान जमिनीकडे घेतलं.

उतरलो तेव्हा शेडमधल्या रेडिओवर बोटीवरचा माणूस विचारत होता, "अहो, सरळ आमच्याकडेच येत होतात, मधेच वळलात कशाला?"

भाईंनी संकष्टीचं सांगितलं तशा तांबेबाई माझ्याकडे वळल्या. "उपास करा. दर महिन्याला करा. पण माझ्याशी खोटं बोलून वर जाऊ नका. खरी माणसं असती तर?"

भाईंनी मला खुर्ची दिली. "मी रोजे धरतो तेव्हा उडत नाही, इथं रेडिओवर बसतो. लाज कसली त्यात?"

बाईंनी कोरा फॉर्म दिला. यायचं असेल तर भरून पाठवा, चाचणी पुन्हा द्यावी लागेल, म्हणाल्या. परतीच्या एसटीत तो मी उघडलाही नाही. उपास मोडला नव्हता, पण पदरात काही पडलं असंही वाटत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी भाकरी खाताना सुरेशला सगळं सांगितलं. त्याने चहाचा कप खाली ठेवला.

"आमच्याकडे पण पहिल्या दिवशी विमान आलेलं, दादा. आमी शर्ट काढून हलवत होतो. मधीच वळून गेलं. मग दुसऱ्या दिवशी आलं."

"हे कधी बोलला नाहीस तू."

"तू उपास धरलेलास माझ्यासाठी. काय बोलू?"

ती मधली रात्र त्याने कशी काढली, हे मी कधी विचारलं नव्हतं. तेव्हाही विचारवलं नाही. फॉर्म काढला. 'कोणत्या दिवशी उड्डाण करणार नाही' या रकान्यात संकष्टी लिहिलं आणि खाली 'रेडिओवर बसेन' असं जोडलं. सही करताना सुरेश वाकून बघत होता.

"पुन्हा जातोयस?"

"जातो."

"मग नाय दिसलं तर नाय दिसलं सांग. उगाच वळवू नको."