डावीकडे पडलेलं फूल

पाली गावाच्या पलीकडे, डोंगराच्या कुशीतल्या वाडीत भिकाजी गुरव देवाचीही सेवा करायचे आणि विजेचीही. सकाळी ग्रामदेवतेची पूजा आटपली की पऱ्याकडे, डोंगरातल्या ओढ्याकडे, जायचं आणि पाण्यावर फिरणाऱ्या टर्बाइनच्या तोंडाशी, जाळीत अडकलेला पालापाचोळा दाताळ्याने ओढायचा. जाळी तुंबली की पाणी कमी, पाणी कमी की वाडीतले दिवे मिणमिणते. गुडघे बोंबलत होते, पण दाताळं दुसऱ्याच्या हाती? छे, नाव काढायची सोय नव्हती!

लोकांना वाटे, म्हातारा हेकट आहे. खरी गोष्ट वेगळीच होती आणि ती त्यांना बारा वर्षं आतून खात होती.

टर्बाइन बसवायचं ठरलं तेव्हा वाडीने देवीला कौल लावला. पाषाणाला चिकटवलेलं फूल उजवीकडे पडलं तर होकार, डावीकडे पडलं तर नकार. फूल पडलं डावीकडे. लोकांकडे पाठ होती. भिकाजींनी ते अंगठ्याने उजवीकडे सरकवलं आणि ओरडले, "उजवा!" त्यांनाही दिवा हवा होता हो, चिमणीच्या धुरात आईचे डोळे गेले होते. सगळ्यात जास्त नाचला तो काशीराम, त्यांचा लंगोटीयार. जाळीचं काम त्यानेच अंगावर घेतलं. तिसऱ्या श्रावणात त्याचा पाय घसरला आणि पऱ्याने त्याला नेलं.

तेव्हापासून दाताळं भिकाजींनी धरलं, आणि मधूनच एक प्रकार घडे. दिवे मंद होत, भिकाजी लंगडत निघत आणि वाटेतच कानावर येई, खरड, खरड. पोचावं तर जाळी साफ, दाताळं ओलं, माणूस कुणी नाही. भिकाजी हात जोडत. "काश्या, सोड रे मला," ते पुटपुटत.

यंदा काशीरामची लेक श्रद्धा आयटीआय करून आली नि म्हणाली, "काका, आता जाळी मी बघते." वाडी म्हणाली, कौल लावू. भिकाजींच्या मनात आलं, बाप गेला, आता पोरीला पाठवू?

भरदुपारी गाभाऱ्यात फूल पडलं. उजवीकडे. भिकाजींचा अंगठा पुढे झाला, ते डावीकडे सरकवायला, आणि तिथेच थांबला. ते वळले आणि सगळ्यांदेखत रडू लागले. "कौल उजवा आहे. पण मागच्या वेळी डावा होता. मी सरकवलं फूल. काशीरामला मी मारलं."

काशीरामची बायको सावित्री पुढे आली.

"ठाऊक आहे, भावोजी. ह्यांनी बघितलं होतं तुमच्या खांद्यावरून. घरी येऊन म्हणाले, देवी नको म्हणतेय, तर धोका एकानेच घ्यावा. म्हणून तर जाळीकडे दुसऱ्या कुणाला फिरकू देत नव्हते."

तेवढ्यात गाभाऱ्यातला विजेचा दिवा मंद झाला. श्रद्धा जाळीकडे जायला उठली. भिकाजींनी तिचं मनगट घट्ट धरलं. कुणीच हललं नाही. हळूहळू दिवा पुन्हा उजळला.

सावित्रीने पदराने डोळे टिपले.

"ह्यांना सांगा, भावोजी," ती म्हणाली, "उद्यापासून पोर येतेय. आता दाताळं खाली ठेवा म्हणावं."