रुखवतातल्या निळ्या ताटल्या

माझी पारख चुकली असं आजवर एकाच माणसाने म्हटलं आहे, आणि ती माझी मुलगी. लग्नाच्या मांडवात, सगळ्या पाहुण्यांच्या देखत म्हणाली. लबाड म्हटलं असतं तर मी गिळून टाकलं असतं. आमच्या धंद्यात लबाड माणूस चालतो, आंधळा चालत नाही.

धंदा चिनीमातीच्या जुन्या भांड्यांचा. नागपुरात हा धंदा करणारे तेव्हा आम्ही दोघं-तिघंच होतो, आणि त्यांतला शून्यातून आलेला मी एकटा. बाकीच्यांना बापाची दुकानं होती. मी सिव्हिल लाइन्समधल्या एका लिलाववाल्याकडे पेट्या बांधायला होतो. साठ सालाच्या आसपास रेल्वेतली अँग्लो-इंडियन कुटुंबं एकेक करून विलायतेला आणि ऑस्ट्रेलियाला निघाली होती. त्यांच्या प्लेटा, किटल्या, झाकणाची मोठी भांडी मी संत्र्याच्या रिकाम्या पेट्यांत भाताचं तणस घालून बांधत असे. हजारो भांडी हातांतून गेली. कोणी शिकवलं नाही, बोटांना आपोआप कळायला लागलं. चार वर्षांनी मालक गिऱ्हाइकाला चुकीचं सांगू लागला की मला हसू यायचं, ते मी आवरायचो. एकदा आवरलं नाही, तेव्हा नोकरी गेली. मग मी स्वतःचं सुरू केलं.

जे कळलं ते थोडक्यात असं. जुना उंची माल दोन जातींचा. एक चीनमध्ये गोऱ्या गिऱ्हाइकांसाठी बनवून जहाजांनी पाठवलेला, दुसरा खुद्द इंग्लंडात बनलेला. इंग्रज मातीत जनावरांच्या हाडांची राख मिसळतात, म्हणून त्यांचा कप दुधासारखा पांढरा असतो. चीनचा माल नुसता माती आणि दगडाचा. त्याच्या पांढऱ्यात निळसर झाक असते आणि बुडाची बिनझिलईची कड बोटाला वेगळी लागते. दोन्ही पातळ असले की उन्हात धरल्यावर उजेड आरपार दिसतो. पलीकडची बोटंही मोजता येतात.

या शेवटच्या गोष्टीवर मी घर बांधलं, असं म्हणायला हरकत नाही.

महाल नावाच्या जुन्या वस्तीतल्या मालगुजारांच्या आणि व्यापाऱ्यांच्या घरी असली भांडी पडून असायची. आजोबांच्या काळात साहेब चहाला यायचे, त्यांच्यासाठी घेतलेली. स्वयंपाकघरात त्यांना कधीच जागा नव्हती. दिवाणखान्याच्या कपाटात नाही तर जिन्याखाली असायची. मी दुपारी जायचो, पुरुष दुकानात असताना. कप हातात घ्यायचो, दारातल्या उन्हात धरायचो, पलीकडून बोटं हलवायचो आणि बाईला विचारायचो, "दिसून राहिली ना बोटं?" दिसायचीच. मग मी आवाज खाली आणून सांगायचो की मातीतून कधी उजेड जात नाही, हाडातून जातो. साहेबाच्या देशात गाईबैलांच्या हाडांची राख घालून हे करतात. बाई दोन पावलं मागे सरायची. त्यानंतर भाव ठरवायला वेळ लागत नसे.

इंग्लंडच्या मालाबद्दल हे खरं होतं. चीनच्या मालाबद्दल ते साफ खोटं होतं, आणि महागाचा माल चीनचाच असायचा. मला यात फारसं काही वाटलं नाही, आजही फारसं वाटत नाही. त्या बायकांना ती भांडी नकोच होती. मी घेतली नसती तर एखाद्या भांडेवालीने दोन जुन्या लुगड्यांबरोबर नेली असती.

अशाच एका दुपारी महालातल्या एका हिरव्या दाराच्या घरातून मी सहा कपबशा आणल्या. चीनच्या, निळ्या रंगातल्या: नदी, तिच्यावर पूल, पुलावर दोन माणसं. घर माळकरी होतं, कांदा-लसूणही उंबऱ्याच्या आत येत नसे. बाई तरुण होती, पण खमकी. ती इतरांसारखी मागे सरली नाही. कप माझ्या हातातून घेऊन तिने स्वतः उन्हात धरला, स्वतःची बोटं पाहिली आणि मगच खाली ठेवला. "न्या," एवढंच म्हणाली. पैसेही तिने हातात घेतले नाहीत, ओट्यावर ठेवायला सांगितले. त्या कपबशा मी विकल्या नाहीत. चांगल्या होत्या.

त्यानंतर चार-पाच वर्षांनी कामठीला कँटोन्मेंटजवळच्या एका बंगल्यात त्याच नक्षीचा जेवणाचा अख्खा संच सापडला. मालकीण म्हातारी मड्डम होती, एकटी. नवऱ्याच्या पणजोबाने चीनहून मागवलेला संच, ताटल्या, बशा, मोठी अंडाकृती तबकं, डाळिंबासारखी मूठ असलेल्या झाकणाचं सूपचं भांडं. मी तीन महिने तिच्याकडे खेपा घातल्या. रागावल्याचं सोंग केलं, भाव पटत नाही म्हणून दोनदा उठून फाटकापर्यंत गेलो. तिने एकदाही परत बोलावलं नाही. शेवटी तिने सांगितला त्या भावाने घेतला. आयुष्यात असं तेवढंच एकदा झालं. मी पेटी बांधत असताना ती म्हणाली, "इसमें खाना. सजाके मत रखना." मी हो म्हटलं. त्या क्षणी खरंच म्हटलं.

घरी बायकोने तो संच स्वयंपाकघरात येऊ दिला नाही. माझ्या धंद्यातल्या गोष्टी तिने बाहेर ऐकलेल्या होत्याच. मी समजावलं, चिडलो, ओरडलो. ती म्हणाली की तुम्हीच तर गावभर सांगत फिरता. मग रविवारी मी आणि मुलगी बाहेरच्या खोलीत दोन निळ्या ताटल्या घेऊन जेवायला बसायचो. वरण-भात, वांग्याची भाजी. मुलगी मला विचारायची, ही कुठली, ती कुठली, आणि मी ताटली उलटी करून दाखवायचो. दहाव्या वर्षी ती डोळे मिटून बुडाच्या कडेवर बोट फिरवायची आणि चीनची की विलायतेची ते सांगायची. चुकायची नाही. तिच्या लग्नात हा संच द्यायचा हे मी तेव्हाच ठरवलं. कोणीतरी त्यात रोज जेवावं, एवढीच इच्छा होती. म्हातारीला दिलेला शब्द मला टोचत असे. खरेदीत दिलेले शब्द मला सहसा टोचत नाहीत.

मुलीसाठी स्थळ आलं, मुलगा कोराडीच्या वीज केंद्रात लागलेला. बैठकीला त्यांच्या घरी महालात गेलो, तर समोर तेच हिरवं दार. ती बाईच मुलाची आई, बारा-चौदा वर्षांनी थोराड झाली होती. पाणी देताना म्हणाली, "तुम्हाले कुठंतरी पाह्यलं मी." मी म्हटलं, इतवारीत दुकान आहे, पाहिलं असेल. तिने पुढे विचारलं नाही. मुलगा चांगला होता, माणसं सरळ होती. सहा कपबशांसाठी स्थळ सोडणारा बाप मी नव्हतो.

लग्न मे महिन्यातलं, दुपारचं. रुखवत मांडताना मी स्वतः उभा होतो. लाडू, अनारसे, विणलेल्या पिशव्या, आणि मधोमध निळा संच. सूपच्या भांड्यावर झाकण, शेजारी एकावर एक ताटल्या. आमच्याकडच्या बायका रुखवतात मोत्यांची घरं आणि साबणाचे मोर मांडतात. असलं रुखवत नागपुरात कोणी पाहिलं नव्हतं. सहा कपबशा मी घरीच ठेवल्या होत्या. तेवढी अक्कल मला होती. ताटल्यांवरही तोच पूल आहे, एवढी मात्र नव्हती.

अक्षता पडल्या. बायका रुखवत पाहायला जमल्या. विहीणबाईंनी एक ताटली उचलली, बराच वेळ पाहिली. मग ती घेऊन त्या मांडवाच्या कडेपर्यंत गेल्या, कनात बाजूला केली आणि ताटली उन्हात धरली. पलीकडून बोटं हलवली. हुबेहूब माझ्यासारखी. 

परत येऊन त्यांनी ताटली जागेवर ठेवली आणि पदराला हात पुसले. "याच्यात हाड आहे," त्या बायकांना म्हणाल्या. "आमच्या घरी हे चालत नाही."

मी थांबायला हवं होतं. पण माझा स्वभाव थांबण्याचा नाही. मी पुढे झालो आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं की ही चीनची भांडी आहेत, हाड घालतात ते विलायतेत, मी वीस वर्षं हाच माल पाहतो आहे, मला शिकवू नका.

त्या शांत होत्या. त्या शांतपणाचा मला अजून राग आहे, व्याही म्हणून 'इवाई' अशी हाक मारण्याचाही. म्हणाल्या, "माझ्या घरच्या कपबशाईवरही हाच पूल होता, इवाई. तुमीच आले होते न्यायले. मले आता आठवलं. त्याच्यात हाड होतं अन् याच्यात नाही? मंग तेव्हा खोटं बोलले का आता बोलून राहिले, तेवढं सांगा."

माझे जावई खाली पाहत होते. माझ्याकडे उत्तर होतं. एका शब्दाचं होतं. 'तेव्हा.' ते म्हटलं असतं तर संच वाचला असता आणि मुलगी एका फसवणाऱ्याच्या घरून आलेली सून ठरली असती, फसवलेल्याच घरात. मी ओठ उघडले, काय म्हणणार होतो ते मला आजही ठाऊक नाही.

माझ्याआधी मुलगी बोलली. मुंडावळ्या बांधलेली, गळ्यात हार तसाच. "आई बरोबर म्हणून राहिल्या. आहे हाड त्याच्यात. बाबाले तेव्हा कळलं होतं, आता नाही कळलं. पारख चुकली त्यायची."

कोणीतरी सुटकेचा श्वास सोडला. विहीणबाईंनी तिच्या डोक्यावरून हात फिरवला. जेवणाच्या पंगती बसल्या. संच पेट्यांत गेला आणि पेट्या त्यांच्या माळ्यावर गेल्या, कारण लेकीला दिलेलं परत न्यायचं नसतं.

तिने मला वाचवलं हे मला कळतं. तेवढा मूर्ख मी नाही. पण कशाच्या बदल्यात वाचवलं ते पाहा. आठ दिवसांत इतवारीतल्या समव्यावसायिकांना बातमी लागली. दुकानासमोरून जाताना एक जण म्हणाला, "काय गा, पोरीले रुखवतात हाडं देल्ली म्हणते?" दुसऱ्याने सुचवलं की चष्म्याचा नंबर तपासून घे. मुंबईचा माझा जुना ग्राहक पुढच्या खेपेला सोबत स्वतःचा माणूस घेऊन आला, भांडी पाहायला. माझ्या दुकानात, माझी भांडी, उलटी करून. मी दोघांनाही बाहेर काढलं. त्यानंतर तो ग्राहक आला नाही.

डोळे मिटून बोटाने ओळखणारी पोर. तिने सांगावं की बापाला कळलं नाही.

पुढे महालातलं घर भावांत वाटलं गेलं आणि मुलगी, जावई, विहीणबाई नंदनवन कॉलनीत राहायला गेले. पेट्याही गेल्या. मी जातो तेव्हा स्टीलच्या ताटात जेवतो. विहीणबाईंच्या दोन्ही डोळ्यांत आता मोतीबिंदू आहे. बाहेरच्या खोलीत बसून जप करतात आणि माझा आवाज ओळखून बसा म्हणतात. वाईट वागत नाहीत. त्यांनी वाईट वागावं अशी माझी फार इच्छा आहे.

गेल्या वर्षी मी स्वयंपाकघराच्या दारात उभा राहून मुलीला म्हणालो की झाली ना इतकी वर्षं, आता एकदा सांगून टाक. नवऱ्याला सांग, सासूला सांग, त्या ताटल्यांत हाड नव्हतं आणि तुझ्या बापाला कळतं. निदान काढा तरी त्या खाली, जेवा त्यांत.

ती पोळी लाटत होती. लाटणं थांबलं नाही. "सांगते ना बाबा," ती म्हणाली. "मले काही त्रास नाही. पण मंग त्या सहा कपबशाईचंही सांगा लागन. ते तुमी सांगा. आधी तुमी, मंग मी."

मी म्हटलं, आधी तू.

"नाही," ती म्हणाली, आणि पोळी तव्यावर टाकली.

ती उठून फाटकापर्यंतही गेली नाही. घासाघीस ती माझ्याकडूनच शिकली, आणि माझ्यापेक्षा चांगली करते. मी रागाने चहा न घेता निघालो. बाहेरच्या खोलीतून विहीणबाई म्हणाल्या, इवाई, एवढ्यात काहून चालले. मी म्हटलं, दुकान उघडायचं आहे. रविवार होता.

या दिवाळीला जाताना मी सहा कपबशा कागदात गुंडाळून पिशवीत घेतल्या होत्या. पिशवी मांडीवर ठेवून तासभर विहीणबाईंच्या समोर बसलो. त्यांनी विचारलं, पिशवीत काय आणलं. मुलगी दारात उभी राहून माझ्याकडे पाहत होती. मी म्हटलं, संत्री आणणार होतो, बाजारात चांगली मिळाली नाहीत.

पिशवी घेऊन घरी आलो. कपबशा परत कपाटात ठेवल्या.