मधोमध उभा बुडबुडा

सूनबाईच्या घरात टेबलावर पेन्सिल ठेवली की ती खाली पडते. कपडे दोरीवर नीट अंतर राखून वाळत घातले, तर तासाभरात सगळे एका टोकाला जाऊन गर्दी करतात. ओट्याशेजारच्या फळीवर धुतलेले डबे पालथे घातले, तर सकाळपर्यंत ते सिंककडे निम्मी वाट चाललेले असतात. या घरात भूतबीत काही नाही. सासरे आहेत.

सासऱ्यांनी चौतीस वर्षं दुधाच्या कारखान्यात पाइप जोडले. तिथला पाइप धुतल्यावर पूर्ण रिकामा व्हावा लागतो. आत चमचाभर काही राहिलं, तर ते नासतं आणि दुसऱ्या दिवशीचा मालही नासवतं. म्हणून पाइपाला दर चार हातांमागे एक बोट उतार द्यायचा. हे एवढं एक वाक्य त्या माणसाच्या हाडांत असं मुरलं, की घर बांधताना त्यांनी गवंड्याला सळो की पळो करून सोडलं. कारखान्यात त्यांना सगळे ‘उतारवाले’ म्हणत. निरोपाच्या दिवशी मिळालेलं घड्याळही त्यांनी भिंतीवर तिरकं लावलंय असं सूनबाईचं म्हणणं, आणि भिंतच तशी आहे असं त्यांचं.

सूनबाई त्याच कारखान्यात नऊ वर्षं पाळी सांभाळते. तापवून गार केलेलं दूध टाकीत भरून घेणं आणि त्याची नोंद ठेवणं, हे तिचं काम. उतारवाले निवृत्त झाले आणि सहा महिन्यांत साहेबांनी नवी पाइपलाइन टाकून घेतली, किती दूध गेलं ते सांगणाऱ्या नव्या मीटरसकट. तिथून तिच्या डोक्याला ताप सुरू झाला. मीटर म्हणायचा, पाच हजार लिटर गेलं. टाकीत काठी बुडवून मोजलं की भरायचं चार हजार नऊशे चाळीस. रोज साठ लिटर गायब.

बाकीच्या पाळ्यांत मात्र थेंबाची घट नव्हती, कारण ती मंडळी टाकी मोजतच नव्हती. मीटरचा आकडा दोन्ही रकान्यांत लिहून मोकळी होत होती. हिला मेलीला प्रामाणिकपणाची हौस. शेवटी हिच्याच हातात पत्र पडलं: साठ लिटर दूध रोज जातं कुठे, याचा तीन दिवसांत खुलासा करावा, अन्यथा कामावरून कमी करण्यात येईल. ‘चोर’ हा शब्द तेवढा लिहायचा बाकी होता.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तिनं घरी सांगितलं. सासऱ्यांनी एकच विचारलं, “मीटर बसवलाय कुठे?”

“वर. पाहुण्यांच्या गॅलरीतल्या काचेसमोर. साहेबांना तो सगळ्यांना दिसायला हवा होता.”

“सगळ्यात उंच जागी? आणि आडव्या पाइपात?”

“हो. एकदम सरळ रेषेत. फार सुंदर दिसतो.”

सासऱ्यांनी कप खाली ठेवला. “सुंदर. अगं, हवा कुठे जाऊन बसणार? वरच ना? वर उतार नसला, तर तिला पुढे सरकायला वाट नाही. ती मीटरच्या पोटातच ठाण मांडते. मीटर समजतो, पाइप दुधानं गच्च भरलाय. हवेलाही दूध म्हणतोय तो गाढव. मीटर नेहमी उभ्या पाइपात घालावा, दूध खालून वर चढतं तिथे. तिथे हवा थांबत नाही. साहेबांना मी हे निवृत्तीच्या आधी दोनदा सांगितलं होतं.”

तिला रडू यायच्या बेतात होतं. नोकरी जायची वेळ आली, तरी या घरात उतारच ऐकायचा. ती उठून गेली.

तिसऱ्या दिवशी सकाळी घाई होती. तिनं भरलेला डबा फळीवर ठेवला आणि पदर खोचायला वळली. डबा सरकला, सिंकच्या कडेवर आपटला आणि उघडून जमिनीवर पसरला.

“बाबा, या घरात एक तरी वस्तू सरळ आहे का हो?” ती म्हणाली. “माणसांनी राहायचं की वाहून जायचं?”

सासरे एरवी याच्यावर अर्धा तास बोलले असते. आज ते खाली बसून सांडलेलं गोळा करायला लागले. तिलाच कसंसं झालं, पण उशीर झाला होता.

अकरा वाजता तिचा खुलासा ऐकायला साहेब, त्यांचे दोन वरिष्ठ आणि कारखान्याचा फिटर मीटरपाशी जमले. पाइप सरळ आहे की नाही ते दाखवायला साहेबांनी स्वतः पाणसळ आणली होती. ती पाइपावर ठेवून ते सगळ्यांकडे वळले. काचेच्या नळीतला बुडबुडा अगदी मधोमध उभा होता.

“बघा. केसभर फरक नाही. याच्यापेक्षा चांगलं काम दाखवा मला.”

सूनबाई त्या बुडबुड्याकडे बघत राहिली. मग पाइपाकडे बघितलं. हा पाइपही एक लांबलचक पाणसळच होता की. आणि त्याच्यातला बुडबुडाही असाच, बरोबर मीटरच्या डोक्यात, आरामात बसलेला असणार.

“साहेब, दूध नको, पाणी सोडू,” ती म्हणाली. “मापाची पाचशे लिटरची टाकी भरू.”

टाकी पाचशेच्या खुणेला आली तेव्हा मीटर पाचशे सहावर होता. साहेब म्हणाले, टाकीची खूण चुकली असेल. नऊ वर्षांची भीड तिथे संपली. पंप अगदी हळू करायला लावून तिनं फिटरला मीटरजवळच्या जोडावरचा क्लॅम्प सैल करायला सांगितला. आधी आला फुस्स आवाज. बराच वेळ नुसती हवाच येत राहिली. मग पाणी आलं. क्लॅम्प आवळून पुन्हा टाकी भरली, तर मीटर पाचशेवर थांबला.

“पाचशेला सहा, म्हणजे पाच हजाराला साठ. माझे साठ लिटर ते हे,” ती म्हणाली.

पत्र जागच्या जागी मागे घेतलं गेलं. मीटर पंपापुढच्या उभ्या पाइपात हलवायचं ठरलं. साहेब तेवढं म्हणाले, “पण खांबामागे तो पाहुण्यांना दिसणार नाही.” तिनं त्यांच्याकडे असं बघितलं, की त्यांनी तो विषय पुन्हा काढला नाही.

घरी येताना तिनं वाक्य जुळवून ठेवलं होतं. बाबा, तुमचंच खरं, एवढंच म्हणायचं. स्वयंपाकघरात शिरली तर सासरे हातोडी बाजूला ठेवून फळी पुसत होते. फळीला उतार देणाऱ्या खालच्या पाचरी त्यांनी उपटून काढल्या होत्या. वर त्यांची जुनी पाणसळ होती आणि बुडबुडा मधोमध उभा होता.

“घे. सरळ केली,” ते तिच्याकडे न बघता म्हणाले. “तुझा डबा आता नाही पडणार.”

फळीवर पालथ्या घातलेल्या कपांभोवती पाण्याचं तळं साचलं होतं. चौतीस वर्षांत त्या हातांनी सरळ लावलेली ही पहिलीच फळी असावी.

तिनं पाणसळ उचलून बाजूला ठेवली. तिला संतापच आला होता.

“कुणी सांगितलं होतं तुम्हाला?” ती म्हणाली. “पाचरी कुठे टाकल्यात? आणा इकडे आधी.”