तळेघरच्या भाताची ओल

जुन्नरहून निघालो तेव्हा पिशवीत शेतीवरची एक इंग्रजी पुस्तिका होती. तिचं भाषांतर एका वाक्यावर अडलं होतं: मोड आणायचं बी 'मॉइस्ट' ठेवा, 'डॅम्प' होऊ देऊ नका. शब्दकोशाने दोन्हींपुढे 'ओलसर, दमट' लिहून हात झटकले होते. म्हटलं, भात पिकवणाऱ्यांनाच विचारावं. घोडेगावला एसटी बदलून तळेघरला उतरलो आणि तासभर चाललो.

ओळखीतून ठकूबाईचं घर मिळालं. एकटी बाई, डोंगरउतारावर चार खाचरं (भाताची बांधीव शेतं). पडवीत भिजवलेलं बी गोणपाटात बांधून दगडाखाली ठेवलं होतं.

"घरचं वाण हाये, भाऊ. उंदरांनी कणगी फोडली, एवढंच ऱ्हायलं. मोड आलं न्हाईत तर हे वाण गेलंच."

नाचणीची भाकरी वाढून ती गुरं पाण्यावर घेऊन गेली. गोणपाट मला कोरडं दिसलं. फुकटचं जेवलो होतो, काहीतरी कामाला यावं म्हणून मी त्यावर दोन तांबे पाणी ओतलं. वर स्वतःवर खूशही झालो.

ठकूबाईने परतल्यावर जमिनीवरचं पाणी बघितलं आणि बोचक्यात हात घातला.

"हे काय केलं, भाऊ?"

"सुकलं होतं."

"वरनं सुकलं व्हतं. आत ऊब व्हती. आता गारठलं. पानी साचलं की बी कुजतंय."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. दोघांनी बी घोंगडीवर पसरलं, निथळवलं, कोरड्या पोत्यात बांधलं, वर पेंढा रचला. ती ओरडली असती तर बरं वाटलं असतं. परतीची एसटी मी सोडून दिली.

सकाळी तिने पोतं सोडलं. "घाला हात."

आत ऊब होती. तळवा ओलावला, पण पाणी लागलं नाही. बोटांना बारीक मोड टोचले. मला रडूच आलं. तळाशी मात्र मूठभर दाणे चिकट, आंबूस झाले होते. ते तिने सागाच्या पानात बांधून माझ्या हातात दिले.

"हे तुमचं. वास ध्यानात ऱ्हाईल," म्हणाली आणि पहिल्यांदाच हसली.

घरी येऊन ते वाक्य लिहिलं: 'बियात हात घाला. ऊब लागावी, तळवा ओला व्हावा, पाणी निथळू नये, आंबूस वास येऊ नये.' खाली आणखी एक ओळ घातली. ती मूळ पुस्तिकेत नाही: 'वरून कोरडं दिसलं म्हणून पाणी ओतू नका.'